फुमे म्हणजे दाब, नुके म्हणजे सोड

आमच्या घरात जपानी भाषा आली ती मोटारींमुळे. मी तेव्हा अकरावीत होते. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कुरुळीच्या एका कारखान्यात मशीनवर नुकताच लागला होता. लागल्या लागल्या त्यानं घरात मोठा टीव्ही आणला, इंटरनेट घेतलं आणि आठवड्याभरात जपानी गाड्यांच्या शर्यतींचे सिनेमे आणि मालिका शोधून काढल्या. डोंगरातले वळणाचे रस्ते, रिकामी पार्किंगं, बॉनेट उघडून इंजिनावर वाकलेली पोरं, आणि एकमेकांना हरवायच्या आधी एकमेकांपुढे वाकून नमस्कार करणारी माणसं. दादाला वेड लागलं म्हणजे लागलंच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा कंपन्यांच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर. मोशीतनं माणसं भरायची आणि चाकणच्या गेटवर सोडायची, परत आणायची. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हे केलं आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या बसचा आरसासुद्धा कुणाला घासला नाही. याचा त्यांना अभिमान होता, पण ते बोलून दाखवत नसत. रविवारी दुपारी जेवण झालं की ते भिंतीला टेकून बसायचे आणि दादा जे लावेल ते बघायचे.

अडचण भाषेची होती. खाली इंग्रजी अक्षरं धावायची. दादाचं इंग्रजी जेमतेम, अण्णांचं शून्य. मग एका रविवारी अण्णा मला म्हणाले, "तू हायेस ना शिकलेली. काय म्हणतोय त्यो, सांग की."

मी सांगायला लागले. पडद्यावर एक पोरगा दुसऱ्याला बराच वेळ काहीतरी सुनावत होता. मी म्हटलं, "तो म्हणतोय, उद्या सकाळी ये."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "एवढं बोलला त्यो, आन् तू दोनच शब्द सांगतीस? बाकीचं कुठं गेलं?"

बाकीचं इंग्रजी अक्षरांतच नव्हतं. पण अण्णांचं म्हणणं खरं होतं. मी दादाला मागं घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा वाचलं, आणि आवाजावरून, चेहऱ्यावरून अंदाज बांधत जमेल तेवढं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून अण्णांना अर्धवट चालेना. कोण चिडून बोलतोय, कोण मस्करी करतोय, कोण मोठ्याला मान देतोय, सगळं त्यांना पाहिजे. मी वेगवेगळ्या माणसांचे आवाज काढून बोलायला लागले. आई मटार सोलता सोलता हसायची आणि म्हणायची, "त्या टकल्याला जरा जाड आवाज दे की."

गाड्यांवर मात्र अण्णांचा विश्वास बसत नसे. एखादी गाडी आडवी होऊन धुरळा उडवत वळणातून गेली, की दादा गादीवर उडी मारायचा आणि अण्णा डोकं हलवायचे. "टायर रडतंय रं त्याचं. आन् ब्रेक कवा मारला ते दाखवलंच न्हाई."

"अण्णा, सिनेमा आहे तो."

"सिनेमात गाडीला ब्रेक नसत्यात व्हय?"

असे दोन वर्षं रविवार गेले. ऐकता ऐकता मला शब्द कळायला लागले. इंग्रजीत सगळीकडे एकच 'मी' असायचा, पण जपानीत तो पोरगा मित्रांत स्वतःसाठी एक शब्द वापरतो आणि दुकानाच्या मालकापुढे दुसरा, हे माझ्या कानांनी आधी पकडलं आणि डोक्याला नंतर कळलं. बारावी झाल्यावर मी घरात सांगितलं, मला जपानी शिकायचंय. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. अण्णा एवढंच म्हणाले, "घरबसल्या एवढं आलंय, तर शाळंत गेल्यावर किती यील." पुण्याच्या क्लासला जाण्यासाठी मला नाशिक फाट्यापर्यंत सोडता येईल अशी पाळी त्यांनी मागून घेतली. पाच वर्षं मी त्यांच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून क्रियापदं पाठ केली.

शिक्षण झाल्यावर मला चाकणच्या एका कारखान्यात दुभाष्याची नोकरी लागली. तिथं गाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार व्हायचे. जपानहून एक वयस्कर तज्ज्ञ साहेब दोन वर्षांसाठी आले होते. त्यांच्याबरोबर दिवसभर फिरायचं, त्यांचं मराठीत आणि आपल्या माणसांचं जपानीत सांगायचं, हे माझं काम. साहेब बारीक, ताठ, कमी बोलणारे. साठीच्या आसपासचे. क्लासमध्ये शिकलेली अतिशय नम्र, घडीच्या कपड्यांसारखी भाषा मी त्यांच्याशी बोलायची. पहिला महिनाभर आम्ही दोघं एकमेकांशी असे बोलत होतो, जणू लग्नात पाहुणे एकमेकांना आग्रह करताहेत.

मग तो फोर्कलिफ्टचा प्रसंग झाला. साहेब एका मशीनचा आवाज ऐकत होते. नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटून ते एकेक पाऊल मागं येत होते. त्यांच्या मागं पिवळी पट्टी होती, आणि त्या पट्टीपलीकडून क्रेट भरलेला फोर्कलिफ्ट येत होता. चालवणाऱ्याला क्रेटमुळे पुढचं दिसत नव्हतं. मी लांब होते. नम्र भाषेत 'कृपया थांबण्याची तसदी घ्यावी' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नव्हता. माझ्या तोंडून निघालं, "ओई! माते!"

मराठीत सांगायचं तर, 'ए! थांब!' आणि तेही रस्त्यावरच्या टग्या पोरानं दुसऱ्याला दरडावावं तसं.

साहेब जागच्या जागी थिजले. फोर्कलिफ्ट त्यांच्या पाठीमागून हातभर अंतरावरून गेला. सगळा विभाग माझ्याकडे बघत होता. मी दहा वेळा वाकून माफी मागितली. साहेबांनी आधी मागं वळून फोर्कलिफ्टकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

खोटं बोलायला सुचलं नाही. मी म्हटलं, "गाड्यांच्या शर्यतीच्या मालिकांमधून. घरी वडील आणि भाऊ बघायचे, त्यांना मी मराठीत सांगायची."

साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "माझ्या तरुणपणी आमच्याकडची पोरं अशीच बोलायची. चाळीस वर्षांत माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं." मग म्हणाले, "बरं झालं ओरडलीस."

त्यानंतर आमच्यातली पाहुण्यांची भाषा संपली. दुपारच्या जेवणाला ते मला घरचं विचारायचे. अण्णांच्या बसबद्दल विशेष. इतकी वर्षं एकही ठोकर नाही हे ऐकल्यावर त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या होत्या.

इकडे दादाचं वेगळंच चाललं होतं. त्यानं एक जुनी छोटी गाडी घेतली होती. तिच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवली, आवाज करणारा सायलेन्सर लावला आणि मागच्या काचेवर जपानी अक्षरं चिकटवली. ती अक्षरं त्यानं मला न विचारता कुठल्यातरी फोटोतून उचलली होती, दिसायला झोकदार म्हणून. मी वाचली आणि मला हसू आवरेना.

"काय गं? काय लिहिलंय?"

"फ्रीजमध्ये ठेवा."

"काय?"

"मासळीच्या पाकिटावर असतं ते, दादा. फ्रीजमध्ये ठेवा."

त्यानं अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "असू दे. मोशीत कोण वाचतंय."

अक्षरं राहिली. आम्ही सगळेच हसलो. त्या हसण्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. रविवारी सकाळी लवकर उठून दादा गाडी घेऊन बाहेर पडायला लागला होता. दूध आणायला जातो म्हणायचा, पण दूध आईच आणायची.

चाकणच्या पुढं औद्योगिक वसाहतीच्या नव्या टप्प्यात रस्ते तयार झाले होते पण कारखाने अजून आले नव्हते. सरळ, रुंद, रिकामे रस्ते, आणि दोन्ही बाजूंना अजून विकली न गेलेली कांद्याची रानं. तिथं रविवारी उजाडता उजाडता पोरं जमायची. कुणी मोटारसायकलवर, कुणी गाडी घेऊन. शर्यती लावायची, मोबाइलवर शूटिंग करायची. जपानी सिनेमांत दिसतात तसे आपण दिसावं, एवढीच हौस. दादा त्यांच्यात होता.

थंडीतल्या अशाच एका रविवारी अण्णांचा फोन वाजला. बोलणारी बाई कांद्याच्या रानाची मालकीण होती. अण्णांच्या बसनं कधीकाळी ती कामाला जायची, म्हणून नंबर होता. ती म्हणाली, "दाजी, तुमचं पोरगं माझ्या रानात हाय. जित्तं हाय, काळजी करू नका. पण गाडी पालथी हाय."

अण्णा बस घेऊन निघाले. मी मागं धावत जाऊन चढले. पन्नास माणसांच्या रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघंच. सगळा रस्ता त्यांनी वेग नेहमीपेक्षा एका काट्यानंही वाढवला नाही.

दादा बांधावर बसला होता. कपाळावर त्या बाईची ओढणी बांधलेली, ती रक्तानं भिजलेली. बाकीची पोरं पळून गेली होती. रस्त्याच्या शेवटी काटकोनात वळण होतं. दादानं वेगात येऊन ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि स्टिअरिंग फिरवलेलं असूनही गाडी सरळ जाऊन रस्त्याकडेच्या चारीतून उलटली आणि रानात पडली. नव्यानं लावलेल्या कांद्याच्या सहा-सात ओळी चिरडून गेल्या होत्या. सीटबेल्ट लावला होता म्हणून तो वाचला. तो बेल्ट त्यानं सुरक्षेसाठी लावला नव्हता. सिनेमातली पोरं लावायची, म्हणून लावला होता. हे त्यानंच नंतर मला सांगितलं.

कपाळाला सात टाके पडले. टाके निघायच्या आधीच दादा त्या रानात जाऊन बसला आणि चार दिवस त्यानं चिरडलेल्या ओळींमध्ये नवी रोपं लावली. ती बाई कडक होती. एक रोप वाकडं लागलं तरी उपटून पुन्हा लावायला सांगायची. दुपारी मात्र भाकरी स्वतःच्या फडक्यातली द्यायची.

अण्णांनी दादाशी बोलणं टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. रविवारी दुपारी ते बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागले. टीव्ही बंद. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं, पण कुणाचा हात रिमोटकडे जात नव्हता.

मला वाटायचं, हे माझ्यामुळे झालं. सिनेमातली ती सगळी पोरं, त्यांची ऐट, त्यांचं ते धाडस मीच मराठीत आणून दादाच्या कानात घातलं होतं. नुसती चित्रं बघून एवढी भूल पडली नसती. मी आवाज काढून काढून ती माणसं आमच्या घरातली केली होती.

कारखान्यात माझं लक्ष लागेना. एका मीटिंगमध्ये मी आकडा चुकीचा सांगितला. साहेबांनी तिथं काही म्हटलं नाही. जेवताना विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना भेटता येईल का?"

त्या रविवारी साहेब आमच्या घरी आले. आईनं पुरणपोळी केली होती. दारात उतरल्यावर त्यांचं लक्ष गेलं ते दादाच्या गाडीकडे. पत्रा चेपलेला, पण मागची काच कशी कुणास ठाऊक शाबूत होती. साहेबांनी अक्षरं वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग ते कमरेत वाकून असे हसले की आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर धावली. दादा भिंतीआड उभा राहून लाजेनं लालबुंद झाला होता. घरात त्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं.

जेवण झाल्यावर साहेब अण्णांसमोर मांडी घालायचा प्रयत्न करून बसले आणि बोलायला लागले. मी मध्ये बसले. अण्णांना अर्धवट चालत नाही हे मला ठाऊक होतं. मी एकेक शब्द सांगितला.

साहेब म्हणाले, "एकोणीस वर्षांचा असताना मीही डोंगरातल्या रस्त्यावर शर्यत लावायचो. तेव्हा हे सिनेमे नव्हते. सिनेमे आमच्यासारख्या पोरांवरून नंतर निघाले. एका सकाळी माझ्या शेजारी माझा मित्र बसला होता. वळणावर मी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी कठड्यावर गेली. मला खरचटलंही नाही. त्याचा गुडघा कायमचा गेला. तो आता गावात केस कापायचं दुकान चालवतो. मी गावी गेलो की त्याच्याकडेच केस कापतो. त्यानं आजवर एकदाही तो विषय काढला नाही. मीही काढला नाही."

अण्णांनी विचारलं, "मग गाडी सोडली का न्हाई तुमी?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "नाही. ब्रेकच्या कारखान्यात लागलो."

अण्णा त्यांच्याकडे जरा सरकून बसले. मग दादाकडे मान न वळवता मला म्हणाले, "इचार त्यांना. ह्या पोराला शिकवतील का?"

साहेबांनी ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. "शिकवायचं तुम्ही. अठ्ठावीस वर्षं न ठोकता कशी चालवायची, ते मला येत नाही. मी फक्त पाणी टाकतो, घसरल्यावर काय करायचं ते दाखवतो."

पाणी म्हणजे काय ते पुढच्या रविवारी कळलं. अण्णांच्या मालकाचं बस उभ्या करायचं आवार कुरुळीच्या बाजूला होतं, मोठं, सिमेंटचं. शनिवारी रात्री ड्रायव्हर बस आपापल्या घरी न्यायचे, म्हणून रविवारी सकाळी तिथं बस नसायच्या. अण्णांनी मालकाला सगळं खरं सांगून परवानगी काढली. दादानं आठवडाभर रोज शिफ्ट सुटल्यावर गाडी दुरुस्त केली, कारण साहेबांनी अट घातली होती की कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळच्या घातल्याशिवाय ते त्या गाडीत बसणार नाहीत. सकाळी सातला टँकर आला आणि आवारभर पाणी सोडलं. जुने टायर ठेवून वळणं आखली.

साहेब दादाच्या शेजारी बसले. मी मागं, बेल्ट घट्ट आवळून. अण्णा बाहेर, हात मागं बांधून.

पहिल्या काही फेऱ्यांना साहेबांची भाषा नम्र होती. "कृपया आता थोडा ब्रेक द्यावा," वगैरे. मी ते मराठीत करेपर्यंत गाडी टायरांच्या ढिगात जाऊन थांबलेली असायची. दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या वेळी साहेबांच्या घशातून एकोणीस वर्षांचं पोरगं बाहेर आलं.

"फुमे!" ते ओरडले.

"दाब!" मी ओरडले.

"फुमे, फुमे, फुमे! नुके!"

"दाब, दाब, दाब! सोड!"

"अच्चि मिरो!"

"तिकडं बघ! टायरकडं नको बघू, जायचंय तिकडं बघ!"

ही भाषा कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मला ती येत होती. विचार करायला क्षणही लागत नव्हता. चाकं जाम व्हायच्या जरा आधी पाय किंचित सोडायचा, गाडीला वळू द्यायचं, पुन्हा दाबायचा. पाण्यावर ते करताना कमी वेगातसुद्धा गाडी सटकत होती. सातव्या की आठव्या फेरीला गाडी ओल्या सिमेंटवरून वळली आणि टायरांना न शिवता थांबली. माझ्या तोंडून तेव्हा शब्दच निघाला नव्हता. दादानं साहेबांचं जपानी थेट ऐकून पाय हलवला होता.

साहेब खाली उतरले आणि अण्णांना म्हणाले, "आता तुम्ही."

"मी? मी कशाला?"

"गाडी घसरल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. तुमची कधी घसरलीच नाही."

मी सांगितलं. अण्णा थोडे रागावल्यासारखे झाले. मग त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, नेहमीसारखा स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि बसले. शेजारी आता दादा होता. साहेब बाहेरच थांबले. मला अण्णांनी बोलावलं नव्हतं, तरी मी मागं बसले.

अण्णांनी गाडी पळवली. दादा हळूच म्हणाला, "अण्णा, आता दाबा. एकदम दाबा." तीन आठवड्यांत दोघांमधलं ते पहिलं बोलणं. अण्णांनी दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातातली गाडी त्यांचं ऐकेना. ती गोल फिरली, पुरी एक चक्कर, आणि आधी जात होतो तिकडेच पुन्हा तोंड करून उभी राहिली. काचांवरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, आता हे उतरून निघून जाणार.

अण्णा दादाकडे वळले. "परत एकदा?"

आणि ते हसायला लागले. दादा हसता हसता रडायला लागला. अण्णांनी त्याच्या कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दुखतंय का अजून?"

"न्हाई, अण्णा."

त्या सकाळी अण्णांनी अकरा फेऱ्या मारल्या. साहेब मोजत होते.

त्यानंतर असे पाच-सहा रविवार झाले. दुपारी टीव्ही पुन्हा सुरू झाला. कधी साहेबही येऊन बसायचे. शर्यत आली की साहेब आणि अण्णा दोघं एकाच वेळी डोकं हलवायचे, एक जपानीत पुटपुटायचा, एक मराठीत, आणि मला भाषांतर करायची गरज पडायची नाही, कारण दोघंही ब्रेकबद्दलच बोलत असायचे. दादाची हौस गेली नाही. ती जावी असं कुणाला वाटतही नव्हतं. गाड्यांच्या त्या गोष्टींवर त्याचं आजही तेवढंच प्रेम आहे. रस्त्यावरची शर्यत मात्र त्यानं पुन्हा लावली नाही. ज्या पोरांबरोबर तो जायचा त्यातल्या तिघांना त्यानं आवारात आणलं. एकाला अण्णांनी ब्रेक शिकवला, दोघं कंटाळून निघून गेले. दादानं पुढं जड वाहनाचं लायसन्स काढलं. आता तो अण्णांच्या मालकाकडेच नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. पावसाळ्याआधी प्रत्येकाला ओल्या सिमेंटवर बस घसरवून दाखवावी लागते, हा नियम त्यानं घालून दिलाय.

साहेब दोन वर्षं संपल्यावर परत गेले. निघताना आईनं त्यांना लसणाची चटणी दिली. अण्णांनी काहीच दिलं नाही. विमानतळापर्यंत स्वतः गाडी चालवत नेऊन सोडलं. उतरल्यावर साहेब त्यांच्यापुढे वाकले, चांगले खालपर्यंत. अण्णांनी हात जोडले. मी मध्ये उभी होते आणि दोघांनीही मला सांगायला काही दिलं नाही.

त्या मालिका आणि सिनेमे करणाऱ्या लोकांना मी कधी भेटणार नाही. चाकणच्या वाटेवरच्या एका घरात कुणी त्यांच्या पात्रांना मराठीत बोलायला लावत होतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. त्यांच्यामुळे माझा भाऊ कांद्याच्या रानात पालथा पडला, हे खरं आहे. त्यांच्यामुळे मला भाषा मिळाली, पोट भरण्याचं काम मिळालं, हेही तेवढंच खरं. हिशेब मांडावा तसं मी हे मांडत नाही. मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात, एवढंच. आणि 'बाकीचं कुठं गेलं' असं विचारणाऱ्या माणसाचे त्याहून जास्त.

एक गोष्ट सांगायची राहिली. इतकी वर्षं गाड्यांबद्दल बोलून मला स्वतःला गाडी येत नव्हती. गेल्या वर्षी दादानं मला शिकवली. मोशीच्या चौकात कंटेनर, टेम्पो आणि दुचाकी यांच्या मधोमध माझी गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. दादा शेजारी शांत बसून म्हणाला, "वाजवू दे राव त्यांना. तू तुझं सावकाश चालू कर." महिन्याभरात लायसन्स आलं आणि मी एकटी चाकणपर्यंत जायला लागले.

नव्या वर्षाच्या शुभेच्छांबरोबर मी हे साहेबांना कळवलं. वाटलं होतं, अभिनंदन करतील. चार दिवसांनी उत्तर आलं. अभिनंदन नव्हतं. विचारलं होतं: टायर कोणत्या वर्षी बनलेले आहेत? कडेला चार आकडे असतात, ते वाचून कळव.

मी मोबाइलचा उजेड घेऊन पार्किंगमध्ये गेले, चारही टायरांपाशी गुडघे टेकून बसले आणि आकडे लिहून घेतले. पुढचे दोन जुने निघाले. दादानं ते दुसऱ्याच दिवशी बदलले.